‘छोटी लाईन’चा शेवट

श्रीरंग,

तुझा आवाज थांबल्यावरही आम्ही वाजवत राहिलो, ही गोष्ट आता बडोद्यातल्या आपल्या ओळखीच्या बहुतेकांना ठाऊक झाली आहे. काहींना ती ऐकवत नाही. काहींना ती आवडू लागली आहे. ‘गाता गाता गेला’ असे म्हणताना त्यांचा चेहरा उजळतो. मी दोघांनाही टाळतो. जे घडले ते एकदा क्रमाने लिहून काढावे आणि मग त्याविषयी कुणाशी बोलू नये, असे ठरवले आहे. आयुष्यभर भूमिती शिकवली, त्यामुळे मला दुसरी पद्धत येत नाही: आधी पक्ष, मग साध्य, मग सिद्धता. तू म्हणाला असतास, मास्तर, माझ्या मयताला तरी फळा आणू नकोस. पण फळा आणल्याशिवाय मला उभेच राहता येत नाही, हे तुझ्याइतके कुणाला माहीत होते?

तुला सांगण्याची गरज नाही, परंतु हा मजकूर आपल्या मराठी मंडळाच्या अंकात इतरही वाचतील, म्हणून थोडा खुलासा करतो. आपण तिघे होतो. गाणारा आणि गिटार वाजवणारा तू, बास गिटारवर जयेश आणि ड्रमवर मी. तिघांचेही वडील प्रतापनगरच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये कामाला आणि तिघांचीही घरे क्वार्टर्सच्या एकाच रांगेत. जयेश गुजराती; पण तो तुझ्या आईच्या स्वयंपाकघरात वाढला, त्यामुळे त्याचे मराठी आपल्याइतकेच जुने आहे, फक्त त्याचे नियम त्याने स्वतः केलेले आहेत. तरुणपणी आपण एक मराठी रॉक अल्बम काढला. दुसरा काढायला तुला उरलेले सगळे आयुष्य लागले, आणि त्या दुसऱ्या अल्बमचे शेवटचे गाणे गाताना तू गेलास. हा पक्ष.

साध्य असे, की त्या गाण्याचा शेवट कसा करावा. हे तुझ्या मुलीने, ऋताने, माझ्यावर सोपवले. शेवट या विषयावर तुझे माझे कधीच पटले नाही, हे तिला लहानपणापासून माहीत असूनही सोपवले; किंवा म्हणूनच.

आता तो दिवस. शहराच्या गोरवा भागात जयेशची लेथची शेड आहे. तिची मागची बाजू त्याने भिंत घालून वेगळी काढली आणि तिथे ध्वनिमुद्रणाची सोय केली. एका कोपऱ्यात तुला गाण्यासाठी प्लायवूडची खोली, आतून तुझ्या घरच्या, सुलभावहिनींनी दिलेल्या जुन्या गाद्या ठोकलेली. ध्वनिमुद्रण करणारे केतनभाई म्हणाले होते की तिला एक काच बसवू या, म्हणजे एकमेकांना पाहता येईल. तू नको म्हणालास. गाताना तुझे तोंड वेडेवाकडे होते आणि ते पाहून मी तालात हसतो, अशी तुझी तक्रार होती. ती खरी होती. त्यामुळे तू आम्हाला दिसत नव्हतास, फक्त हेडफोनमधून ऐकू येत होतास.

सकाळी आल्यावर तू गिटारची पेटी उघडलीच नाहीस. डावा हात भरून आलाय म्हणालास, काल अॅम्प्लिफायर एकट्याने उचलला म्हणून असेल. मी म्हणालो, मग आज राहू दे, गाणे कुठे पळून जात नाही.

‘मास्तर, हात दुखतोय. गळा नाही,’ असे म्हणून तू प्लायवूडचे दार ओढून घेतलेस.

गिटार नंतर भरायची आणि आधी तिघांनी मिळून नुसता आवाज, बास आणि ड्रम असे गाणे घ्यायचे ठरले. गाण्याचे नाव ‘छोटी लाईन’.

आपल्या कामाचे दोन नियम होते आणि दोन्ही तू घातलेले. पहिला मुंबईहून आलेला. पहिल्या अल्बमच्या वेळी तिथल्या स्टुडिओत एका गाण्याचा टेक चालू होता. टेक म्हणजे गाण्याची आरंभापासून अखेरपर्यंतची एक सलग फेरी. मध्येच जयेशच्या बासची तार तुटली आणि तो घाबरून थांबला. मीही थांबणार होतो, पण तू माझ्याकडे असे पाहिलेस की माझे हात चालूच राहिले. थोड्या वेळाने जयेश उरलेल्या तारांवर आमच्यात परत आला, आणि त्या अल्बममधला सर्वांत जिवंत टेक तोच ठरला. परतताना गाडीत, भेळेच्या पुड्यावर वाकून, तू नियम सांगितलास.

‘टेक थांबवायचा नाही. जो थांबेल तो थांबू दे. बाकीच्यांनी शेवटापर्यंत जायचं. तो येईल मागून.’

दुसरा नियम असा, की गाणे संपले तरी कुणी हलायचे नाही. बोलायचे नाही, खुर्ची सरकवायची नाही, काठी खाली ठेवायची नाही. माझ्या सिंबलचा, त्या झांजेचा, नाद पूर्ण विरून जाईल, मग तू ‘झालं’ म्हणशील, मगच ध्वनिमुद्रण बंद करायचे. तोपर्यंत टेक चालू. जयेश कुरकुरत असे की ह्याच्या ‘झालं’पायी माझ्या नाकावरची माशी पण दुपारची झोप काढून जाते. पण पाळत असे. इतक्या वर्षांत आम्हा दोघांपैकी कुणीही तो शब्द तुझ्याआधी उच्चारला नाही.

त्या दिवशी तिसऱ्या कडव्याच्या दोन ओळी तू गायलास. दुसऱ्या ओळीच्या शेवटी तुला धाप लागली होती. तिसरी ओळ आली नाही. मला वाटले, शब्द विसरलास. एखादी ओळ सोडून पुढच्या ओळीला येऊन मिळायची तुझी जुनी सवय होती. जयेशने नंतर मला सांगितले की तुला वाट सापडावी म्हणून त्याने बास जरा जोरात वाजवायला सुरुवात केली होती. चौथी ओळ आली नाही. ध्रुवपद आले नाही. आम्ही नियम पाळला. तू मागून येणार होतास.

मी सगळे मोजतो, हे तू चेष्टेचा विषय केला होतास. जिन्याच्या पायऱ्या, पोळ्या, वक्त्याचे ‘खरं म्हणजे’. तुझा आवाज थांबल्यापासून आमच्या शेवटच्या ठोक्यापर्यंत तालाची किती आवर्तने गेली, ते मी मोजलेले नाही. टेप अनेकदा ऐकावी लागली, तरी मोजलेले नाही. ड्रम वाजवणाऱ्याला हे न मोजणे किती जड जाते, ते तुला सांगायला नको.

शेवटाचे ठोके देऊन मी काठ्या हवेत धरून बसलो. जयेशने तारांवर पंजा ठेवला होता. पलीकडे केतनभाई. सगळे तुझ्या शब्दाची वाट पाहत होतो. शेवटी मीच विचारले, ‘श्रीरंग, झालं का?’ आणि आपल्या नियमात न बसणारा तो प्रश्न ऐकून जयेशने बास भिंतीला टेकवला आणि तुझ्या खोलीचे दार ओढून उघडले.

डॉक्टरांनी समजावले की आम्ही तत्काळ थांबलो असतो तरी काही करता आले नसते. ते भले गृहस्थ आहेत आणि त्यांनी कारण नीट सांगितले. मला ते समजले. त्याचा मला काहीही उपयोग झालेला नाही.

आता तो जुना वाद, कारण त्याशिवाय पुढचे कळणार नाही. गाणे संपवायच्या दोन रीती आहेत. एकीत वादक ठरल्या जागी एकदम थांबतात. दुसरीत वादक वाजवतच राहतात आणि ध्वनिमुद्रक आवाज हळूहळू कमी करत शून्यावर नेतो. त्याला आपण ‘फेड’ म्हणत होतो. तुला फेड हवा असे. मला ती पळवाट वाटे. माझे म्हणणे साधे होते: सिद्धता पूर्ण झाली की खाली ‘हेच सिद्ध करायचे होते’ असे लिहितात, अक्षर बारीक करत करत कागदावरून उतरत नाहीत. जयेश म्हणे, ‘ह्या मास्तरला गाण्याचा पण शाळा सोडल्याचा दाखला पाहिजे.’

तू मात्र कधी हसण्यावारी नेले नाहीस. तुझे उत्तर क्वार्टर्सच्या मागच्या कुंपणाजवळ घडलेले होते. प्रतापनगरहून डभोईकडे जाणारी छोटी लाईन तिथून जात असे. तिचे डबे खेळण्यातल्यासारखे आणि तिची चाल अशी की आपण काही अंतर बरोबरीने पळत असू. मग ती पुढे जाई आणि तू मला उभे करून ऐकायला लावत असस. अजून येतोय का आवाज? अजून? मी ‘नाही’ म्हणालो की तू म्हणायचास, मला येतोय. बहुधा येत नसावा. पण त्यावर तुझा सगळा सिद्धांत उभा होता. ‘गाडी संपत नाही, मास्तर. आपण फलाटावर राहतो, एवढंच.’

मी त्यावर असे म्हणे की गाडी डभोईला पोहोचते, तिथे ती थांबते आणि तिथे तिचा शेवट असतो. तो तुला ऐकू येत नाही म्हणून नाही असे होत नाही. वाद तिथेच अडकत असे. पन्नाशी ओलांडली तरी तिथेच अडकलेला होता. त्या लाईनचे रूळ काढून मोठे रूळ टाकले, त्यालाही काळ लोटला.

मला ड्रमवर तूच बसवलेस, हे मी तुला धन्यवाद म्हणून कधी बोललो नाही. आपल्यात तशी भाषा नव्हती. मी गणिताचा विद्यार्थी, गाण्यात गती नाही, चारचौघांत बोलायला भीती. तू जुना ड्रमसेट कुठून तरी हातगाडीवर आणलास आणि म्हणालास, तुला मोजता येतं ना, तेवढं पुरे, बाकीचं आम्ही बघतो. तेवढे पुरत नव्हते, हे तुलाही लवकरच कळले असणार. पण तू दुसरा कुणी शोधला नाहीस. पुढे वर्गात पहिल्या दिवशी साठ पोरांसमोर उभा राहिलो तेव्हा मी नीट बोललो, कारण त्याआधी मी तुझ्या पाठीमागे बसून त्याहून मोठ्या गर्दीला तोंड दिले होते. तुझी पाठ हा माझ्या धैर्याचा मोठा भाग होता.

पहिल्या अल्बमचे नाव तू ‘विश्वामित्री’ ठेवलेस, अकोट्याच्या पुलावरून शाळेच्या दिवसांत रोज ओलांडलेल्या आपल्या नदीचे. कॅसेटच्या वेष्टनावर मगर हवी, असा तुझा आग्रह होता. बडोद्याच्या नदीत मगरी असतात, मग लाजायचे कशाला? कंपनीच्या लोकांना मगर नको होती. त्यांनी संध्याकाळच्या पाण्यावर सोडलेला दिवा छापला. परिणाम असा झाला की पुण्यामुंबईच्या दुकानांत ऋषीचे नाव आणि तेवता दिवा पाहून दुकानदारांनी आपला रॉक अल्बम भक्तिगीतांच्या कप्प्यात लावला. ठाण्याच्या तुझ्या मावशींनी सत्यनारायणाला आणलेल्या कॅसेटींमधून शेजारणीने ती उचलून लावली आणि पहिल्याच गाण्याला भटजी आसनावरून उठले, ही हकिगत तू पुढे प्रत्येक कार्यक्रमात सांगत असस आणि दर वेळी भटजी थोडे अधिक उंच उडत. लोक हसत. मी मागे बसून पाहत असे की सांगताना तू गिटारच्या जुळलेल्या तारा पुन्हा पिळतोस. ज्यांच्यासाठी ती गाणी होती त्यांच्या हाती ती पडलीच नाहीत, आणि ज्यांच्या हाती पडली त्यांनी ती परत केली. यात हसण्यासारखे काय होते, ते मला कधी समजले नाही.

कंपनीने दुसऱ्या अल्बमची तयारी दाखवली होती, हे फार थोड्यांना माहीत आहे. त्यांना लग्नाच्या वरातीत वाजेल असे काही हवे होते, आणि गाणी त्यांनी निवडायची होती. मी तुला म्हणालो, घे. एक त्यांच्या मनासारखा कर, त्यातून तिसरा आपल्या मनासारखा करता येईल. तू माझ्याशी कित्येक महिने बोलला नाहीस. मग एक दिवस शाळेच्या फाटकाशी येऊन उभा राहिलास, माझी सायकल हातात घेतलीस आणि काही न बोलता घरापर्यंत ढकलत नेलीस. त्या विषयावर आपण पुन्हा बोललो नाही. तो बोलायचा राहिला आहे, म्हणून आज सांगतो: मला अजूनही वाटते की माझे म्हणणे चूक नव्हते. तू होकार दिला असतास तर तुझ्या नावावर आज चार-पाच अल्बम असते. तुझे उत्तर मला ठाऊक आहे. ते अल्बम दुसऱ्याच कुणाचे तरी असते, हेच ना? असेल. पण तू नवरात्रात नऊ दिवस गरब्याच्या मंडपात गाऊन घसा फोडत असस आणि उरलेले वर्ष अकोट्याच्या घरात मुलांना गिटार शिकवत असस, तेव्हा तू तरी कुठे पूर्ण तुझा होतास? हा वाद मी एकट्याने पुढे चालवू शकत नाही. समोरची बाजू हजर नसताना जिंकणे मला शिकवलेले नाही.

मग ऋताने तो पहिला अल्बम इंटरनेटवर चढवला. तुला वाटले होते, कुणी ऐकणार नाही. कुठून कुठून माणसे लिहू लागली. कुणाच्या आईकडे ती कॅसेट होती, कुणाला ती जुन्या सामानात सापडली होती. तुझा आनंद काही दिवस टिकला. मग तुझ्या लक्षात आले की लोक गाणे फेड होऊ लागले की पुढच्या गाण्यावर जातात. तू मला भर दुपारी फोन करून हे सांगितलेस, जणू कुणी तुझ्या घराचे मागचे अंगण विकले. पण त्याच फोनच्या शेवटी म्हणालास, मास्तर, दुसरा करू या. आणि या वेळी शेवट तू ठरव.

मी ते गंमत समजलो नाही. ‘छोटी लाईन’साठी मी खरोखर शेवट बसवला: तीन स्वच्छ ठोके, मधे पुरेशी जागा, आणि शांतता. तालमीत तू तो ऐकलास आणि म्हणालास, ठीक आहे. तुझे ‘ठीक आहे’ म्हणजे काय ते मला माहीत होते. ध्वनिमुद्रण झाल्यावर तू केतनभाईंना एकटे गाठून फेड करवून घेणार होतास. मीही त्यासाठी तयार होतो. तिथे पुन्हा भांडायचे, असे मी ठरवून ठेवले होते. त्या भांडणाची मला, खरे सांगतो, ओढ लागली होती.

तेराव्यानंतर ऋता, जयेश आणि मी शेडमध्ये गेलो. प्लायवूडच्या खोलीचे दार जयेशने बिजागरीतून काढून भिंतीशी ठेवले होते. बाकीची गाणी तयार होती. अल्बमला तू नाव ठेवले नव्हतेस. केतनभाईंनी कामापुरते ‘श्रीरंग, दुसरा’ असे लिहिले होते आणि तेच ठेवायचे ठरले. प्रश्न उरला तो शेवटच्या गाण्याचा.

केतनभाईंनी तीन मार्ग मांडले. पहिला, जिथे तुझा आवाज थांबतो तिथेच फेड करायचा. कुणाला काही कळणार नाही. दुसरा, तालमीत ऋताने मोबाइलवर घेतलेल्या ध्वनिफितीतून तिसरे कडवे उचलून रिकाम्या जागी बसवायचे. तेही बेमालूम होईल. तिसरा, जे आहे ते तसेच ठेवायचे. ऋताने हेडफोन काढून मांडीवर ठेवला. मग ती म्हणाली, ‘काका, शेवट तुम्ही ठरवा. बाबा म्हणायचे, त्या एका बाबतीत मास्तर माझं ऐकणार नाही.’

त्या संध्याकाळी सुलभावहिनींकडे गेलो, कारण त्यांना न विचारता काही ठरवणे योग्य नव्हते. त्या अकोट्याच्या घरात तुझ्या विद्यार्थ्यांच्या खुर्च्या एकात एक रचून ठेवत होत्या. मी तिन्ही मार्ग सांगितले. त्यांनी एकच विचारले.

‘त्यात त्यांची धाप ऐकू येते का, भाऊजी?’

मी सांगितले, येते. तिसऱ्या कडव्यात.

‘मग ती काढू नका. मला घरात रोज ऐकू येत होती. तुम्हालाच कुणाला येत नव्हती.’

मी चहा न घेता निघालो. त्यांनीही थांबवले नाही.

त्यानंतर दोन मार्ग आपोआप बाद झाले. उसने कडवे बसवले की धाप जाते. आवाजाबरोबर फेड केला की आम्ही वाजवत राहिलो हे खोटे होते. तिसरा उरला. पण तोही मला सहन होईना. तुझ्या आवाजानंतर बास आणि ड्रम पूर्ण ताकदीने, स्वच्छ, चुकीविना वाजत राहतात. इतके चांगले आम्ही दोघे आयुष्यात कधी वाजवले नसेल. श्रीरंग, ते ऐकताना वाटते की गाणाऱ्याची आम्हाला गरजच नव्हती.

दुसऱ्या दिवशी शेडमध्ये, ऋता आणि जयेशसमोर, मी केतनभाईंना सांगितले की मला अजून ठरवता येत नाही. ते थोडे घुटमळले. मग त्यांनी माझे आणि जयेशचे ट्रॅक, म्हणजे आमचे वेगवेगळे टिपलेले आवाज, बंद केले आणि फक्त तुझा मायक्रोफोन चालू ठेवला. ‘सर, आ सांभळो,’ म्हणाले. हे ऐका. ते त्यांना पहिल्याच दिवशी सापडले होते, पण सांगावे की नाही हे समजत नव्हते.

तुझ्या दोन ओळी. धाप. काहीतरी खाली घसरल्याचा आवाज. आणि मग, फार लांबून, बारीक, पत्र्याच्या डब्यातून यावे तसे, आम्ही.

तुझ्या कानांवरून हेडफोन जमिनीवर पडला होता. त्यातून आम्ही वाजत होतो, आणि उघडा राहिलेला तुझा मायक्रोफोन ते टिपत होता. इतके लहान झालेलो होतो आम्ही, की मला जयेशचा बास असा ऐकू येत नव्हता, नुसती त्याची चाल कळत होती, डब्यांसारखी. अजून येतोय का आवाज? अजून? येत होता. मी कुंपणाजवळ उभा राहावे तसा उभा राहून ऐकत होतो. इतके दिवस मी समजत होतो की गाडीत तू बसलास आणि फलाटावर आम्ही राहिलो. त्या ट्रॅकवर ते उलटे आहे. तिथे तू जागचा हललेला नाहीस, आणि लांब लांब जात आहोत ते आम्ही. आणि मग त्या लांबच्या गाडीतून माझे तीन ठोके आले. मुंगीएवढे, पण तीन, नीट मोजता येण्यासारखे. ती डभोईला पोहोचली होती.

ऋताने तोंडावर ओढणी धरली होती. जयेश शेडबाहेर गेला आणि बऱ्याच वेळाने आला.

म्हणून शेवट असा ठरवला. तुझा आवाज थांबला की आमचे ट्रॅक हळूहळू उतरतात, घाई न करता, तुला आवडला असता तसे. तुझ्या मायक्रोफोनचा ट्रॅक मात्र जिथे होता तिथेच ठेवला आहे. त्याला कुणी हात लावलेला नाही. आम्ही मोठ्याचे लहान होत त्या पडलेल्या हेडफोनमध्ये जातो आणि तिथून शेवटापर्यंत वाजत राहतो. फेड आहे. शेवटही आहे. आपला वाद मिटला, असे मी म्हणणार नाही. त्याची अशी सोडवणूक तुला मान्य झाली असती का, ते विचारण्याची सोय उरलेली नाही, आणि ज्या किमतीत ती मिळाली ती पाहता मी आनंदाने हरलो असतो.

ठोक्यांनंतर ट्रॅकवर शांतता आहे, आमची वाट पाहण्याची. त्या शांततेच्या शेवटी, त्याच हेडफोनमधून, माझा प्रश्न ऐकू येतो. श्रीरंग, झालं का? केतनभाईंनी विचारले, एवढे कापू ना? मी म्हणालो, राहू द्या. ते विचारले गेले होते.

सगळे जुळवून झाल्यावर आम्ही चौघांनी गाणे पहिल्यापासून ऐकले. प्रश्न आला आणि गेला. कुणी हलले नाही. केतनभाईंचा हात कळफलकावर थांबला होता, जयेशने मांडीवर पंजा ठेवला होता, जणू खाली तारा असाव्यात. यंत्र चालूच होते. इतक्या वर्षांची सवय. तो शब्द आल्याशिवाय बंद करायचे नाही. ऋता आमच्या तोंडांकडे पाहू लागली, तेव्हा माझ्या लक्षात आले की आता कुणाला तरी म्हणावे लागेल, नाहीतर आम्ही तिथेच बसून राहू.

नियम तुझा, श्रीरंग. शब्दही तुझा. आवाज तेवढा, नाइलाजाने, माझा.

झालं.